पाटीवरचा शब्द आणि बँडवरचे गाणे



आमचे मांजरसुंबा हे चौरस्त्यावरचे गाव. बीडहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता आणि नगर, जामखेड, पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईला जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला जाणारी मंडळीही येथेच उतरतात. त्यामुळे झाले आहे असे, की गावातल्या घरांपेक्षा रस्त्यावरची हॉटेले, धाबे आणि त्यांच्या पाट्याच परक्या माणसाच्या डोळ्यांत अगोदर भरतात. आजच्या भाषणाचा विषय मला अशाच एका पाटीने दिला.

एकदा लग्नसराईच्या दिवसांत आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी आणि मी, दोघे फाट्यावर गाडीची वाट पाहत उभे होतो. समोर पाटी होती : ‘परमिट रूम व बिअर बार’. पोरगा मोठा चौकस. तो म्हणाला, ‘‘सर, बार समजला, रूम समजली. पण परमिट कसलं? आत जायला परवाना लागतो का?’’ मी उत्तर देणार तोच रस्त्याने वरात आली. घोड्यापुढे बँड होता. क्लॅरिनेट, ट्रंपेट, मोठा ढोल. ट्रंपेटवाला गाल फुगवून वाजवत होता ते गाणे सत्तर वर्षांहून जुने, ‘अलबेला’ या चित्रपटातले. नवरदेवाचे मामा त्यावर भगवानदादांच्या चालीने खांदे उडवत नाचत होते. हात खाली, पाय जागच्या जागी, आणि चेहऱ्यावर सगळे जग जिंकल्याचा आनंद!

मी त्या मुलाला म्हटले, ‘‘बाबा रे, तू विचारलेला शब्द आणि हे समोर चाललेले गाणे, दोन्ही मुंबईच्या एकाच टापूतून आपल्याकडे आले आहेत.’’ त्याचा विश्वास बसला नाही. तुमचाही कदाचित बसणार नाही. म्हणून ही हकीकत जरा सविस्तर सांगतो.

पण त्याआधी एक शंका दूर करायला हवी. आमच्या गावातल्या बायका हे भाषण ऐकत असतील तर त्या म्हणतील, ‘‘मास्तर, दारूच्या गुत्त्यांचा कसला आलाय इतिहास? तो आमच्या घरात रोज रात्री घडतो.’’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे मतदान ज्या राज्यात घ्यावे लागले, गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद, असा नियम ज्या राज्याला करावा लागला, त्या राज्यात मद्यालयांचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच विचार नाही. मला सांगायचे आहे ते तिथे वाजणाऱ्या वाद्यांविषयी आणि ती वाजवणाऱ्या माणसांविषयी. पेला आणि पेटी एकाच खोलीत होती, एवढ्यावरून दोन्हींना एकाच पारड्यात घालता येत नाही.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडून मेट्रो सिनेमाकडे चालत गेले की जो चौक लागतो, तो धोबी तलाव. तलाव शोधायला जाल तर सापडणार नाही. तो केव्हाच बुजवला गेला. राहिले ते नाव. या चौकाच्या भोवतालच्या गल्ल्यांत, कावेल, डाबूळ या वाड्यांत, गेल्या शतकात गोमंतकीय ख्रिस्ती लोकांची दाट वस्ती होती. तेथे इराण्यांची हॉटेले होती. १९०४ सालचे कयानी हे त्यांपैकी एक, ते आजही चालू आहे. वाद्यांचे आणि सुरावटींच्या छापील कागदांचे फुर्ताडो हे १८६५ पासूनचे दुकानही याच भागातले. आणि जुन्या इमारतींच्या माड्यांवर होते ते क्लब. क्लब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साहेबलोकांचे टेनिस येते. हे क्लब तसले नव्हेत. त्यांना कोकणीत नाव होते कूड.

कूड म्हणजे खोली. आपल्याकडे कूड म्हणजे तुरीच्या काड्यांची, शेणामातीने लिंपलेली भिंत. शब्दांचे नाते असो वा नसो, अर्थाचे मात्र आहे. दिवाळी आटोपली की आपल्या जिल्ह्यातून हजारो बैलगाड्या आणि ट्रक उसाच्या मुलखाकडे निघतात. कारखान्याच्या तळावर एका गावची माणसे शेजारी शेजारी कोप्या घालून राहतात. कोणाचे पोर आजारी पडले, कोणाला पैशाची नड आली, तर धावून जायला गाववालाच. गोव्याच्या माणसांनी मुंबईत हेच केले, फक्त पाचटाच्या कोपीऐवजी चाळीच्या माडीवर. एकेका गावाने वर्गणी काढून एकेक कूड चालवली. अशा कुडी शेकड्यांनी होत्या. बोटीवर खलाशी म्हणून जाणारा, साहेबाच्या घरी स्वयंपाकी असणारा, नोकरीच्या शोधात आलेला, सगळे तेथे उतरत. भिंतीला लागून प्रत्येकाची एक पेटी, मध्यभागी गावच्या संताची वेदी, आणि रोज संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना. भाडे नाममात्र. जो माणूस महिनोन्‌महिने समुद्रावर असे, त्याची पेटी मात्र जागेवर राही.

या पेट्यांच्या शेजारी व्हायोलिनची, ट्रंपेटची, सॅक्सोफोनची पेटी असे. ती का, हे पाहायला गोव्यात चारशे वर्षे मागे जावे लागेल.

पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले ते १९६१ च्या डिसेंबरपर्यंत राहिले. त्यांच्या राज्यकारभाराविषयी बोलायला येथे जागा नाही, आणि बोललो तर बरे बोलणार नाही. पण त्यांच्या चर्चला जोडलेल्या गावशाळांनी एक गोष्ट केली. चर्चमध्ये गाण्यासाठी मुलांना स्वर वाचायला शिकवले. शिक्षकबंधूंनो, नीट ऐका : गायला नव्हे, वाचायला. पाच रेघांवर टिंबे मांडून लिहिलेली सुरावट कागदावर पाहायची आणि पूर्वी कधी न ऐकलेली चीज तेथल्या तेथे वाजवून दाखवायची, ही विद्या गोव्याच्या शेतकऱ्याच्या, रेंदेराच्या पोराला खेड्यातल्या खेड्यात मिळू लागली. आपल्या संगीतात चीज गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात जाते. ती रीत थोर आहेच. पण शंभर माणसांनी एकाच वेळी, एका इशाऱ्यावर, वेगवेगळे सूर वाजवायचे असतील तर कागद लागतो. हा कागद वाचता येणारा माणूस हिंदुस्थानात कोठे मिळेल, असा प्रश्न पडला की उत्तर असे गोव्यात.

म्हणून संस्थानिकांच्या बँडमध्ये, पलटणींच्या वाद्यवृंदांत, पोलीस बँडमध्ये गोव्याची माणसे दिसत. मूकपटांच्या काळात पडद्यासमोर बसून प्रसंगानुसार वाद्ये वाजवणारे वादक असत, त्यांतही तीच. १९३१ च्या मार्चमध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, चित्रपट बोलू लागला आणि पडद्यासमोरच्या वादकांची रोजी गेली. यंत्राने माणसाची रोजी घेतल्याचे हे पहिले उदाहरण नव्हे आणि, पुढे सांगणार आहे, शेवटचेही नव्हे.

सुदैवाने त्याच सुमारास दुसरे दार उघडले. १९०३ साली सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलात साहेब, संस्थानिक आणि पारशी शेटजी रात्रीच्या जेवणाला येत, आणि जेवणानंतर जोडीने नाच होई. तेथे १९३५ मध्ये लिऑन ॲबे या अमेरिकन वादकाचा संच आला. हे सगळे कृष्णवर्णीय वादक. त्यांच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. तो परत गेलाच नाही. १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. ही मंडळी जे वाजवत त्याला जाझ म्हणतात. अमेरिकेतल्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांनी घडवलेले हे संगीत. त्याची कल्पना कशी द्यावी? आपल्याकडे फडावर ढोलकीवाला आणि हलगीवाला समोरासमोर आले की एकाने बोल टाकायचा, दुसऱ्याने तो उचलून फिरवायचा आणि सव्वापट करून परत करायचा, हे तुम्ही ऐकले आहे. जाझमध्ये ट्रंपेट आणि सॅक्सोफोन तेच करतात. चाल ठरलेली, पण तिच्या पोटात जो तो आयत्या वेळी आपली वाट काढतो. ज्या देशात या वादकांना गोऱ्यांच्या खाणावळीत जेवायला बसू देत नसत, त्या देशातून ते आमच्या पारतंत्र्यातल्या मुंबईत आले आणि येथे मानाने राहिले, ही गोष्ट मला तरी विचार करायला लावते.

गोव्याच्या पोरांनी हे ऐकले आणि ते झपाटून गेले. कागद वाचता येत होताच, आता कागद मिटून वाजवायला शिकले. त्यांच्यातला एक हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६. ट्रंपेट असा वाजवी की लोक त्याला लुई आर्मस्ट्राँगच्या पंक्तीला बसवू लागले. त्याने धंद्याचे नाव घेतले चिक चॉकलेट. ताजशेजारी ग्रीन्स नावाचे हॉटेल होते, तेथे आणि मग ताजमध्ये त्याचा संच वाजू लागला. ते ग्रीन्स आता नाही. त्याच्या जागेवर ताजचा उंच मनोरा उभा आहे.

आता या जागा आतून कशा असत, ते सांगायला हवे. ताज किंवा ग्रीन्समध्ये गुळगुळीत लाकडी जमीन, एका टोकाला उंचवटा, त्यावर एकसारखे कोट घातलेले आठ-दहा वादक. चर्चगेट स्टेशनकडून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रस्त्यावर, लहान लहान रेस्टॉरंटे होती. बॉम्बेलीज, बेरीज, व्होल्गा, १९५६ मध्ये सुरू झालेले गेलॉर्ड, पलीकडे ॲस्टोरिया हॉटेलातले व्हेनिस. यांत चार-पाच जणांचा संच कोपऱ्यात बसे. संध्याकाळी एका हॉटेलातून बाहेर पडावे, दहा पावले चालावे, तर दुसऱ्यातून वेगळा सूर ऐकू येई. जामखेडच्या संगीतबाऱ्यांच्या बाहेर उभे राहून ज्यांनी एका थिएटरातली पेटी आणि दुसऱ्यातले घुंगरू एकदम ऐकले असतील, त्यांना हे चटकन कळेल. बारी म्हणजे पाळी. एका पार्टीची बारी संपली की दुसरीची. इंग्रजी बार आणि आपली बारी हे शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत, पण कानाला जवळचे वाटतात खरे.

आपल्यासारख्यांना मात्र तेथे प्रवेश नव्हता. बंदी लिहिलेली नसे. खिसाच आडवा येई. गिरणगावातला मराठी कामगार लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा पाही, भजनीमंडळात टाळ कुटी, शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या पोवाड्यांना मैदानात गर्दी करी. चार-पाच मैलांच्या अंतरात दोन मुंबया नांदत होत्या आणि त्यांची गाठ पडण्याचे काही कारण नव्हते.

ती गाठ पडली, आणि ज्यांनी ती पाडली त्यांत दोन मराठी माणसे पुढे होती, हा माझ्या गोष्टीचा गाभा आहे.

एक होते रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८, नगर जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले पुणतांबे. आपण त्यांना सी. रामचंद्र म्हणून ओळखतो. दुसरे भगवान आबाजी पालव, गिरणीकामगाराचा मुलगा. हे आपले भगवानदादा. सी. रामचंद्रांच्या डोक्यात चाल यायची ती आपल्या मातीतली. पण त्यांचा कान उघडा होता. चिक चॉकलेटला त्यांनी साहाय्यक म्हणून बरोबर घेतले. १९४७ च्या ‘शहनाई’त इंग्रजी ढंगाचे एक थट्टेखोर गाणे आले आणि त्याने देशभर धमाल उडवून दिली. सोवळ्या मंडळींनी नाके मुरडली. मग १९५१ साली भगवानदादांनी ‘अलबेला’ काढला. त्यातल्या एका नाचाच्या गाण्यात चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार झालरीचे सदरे घालून प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. ज्या संचाचे संगीत ऐकायला राजेरजवाड्यांना ताजमध्ये जावे लागे, तो संच चार-आठ आण्यांत परळच्या कामगाराला दिसला. पुढे जत्रेतल्या तंबूत तो आपल्या वाडवडिलांनाही दिसला. मांजरसुंब्याच्या वरातीतला मामा जो खांदा उडवतो ना, त्याचा उगम हा असा आहे.

या मिलाफाचे काम चाले कसे, तेही समजून घ्या. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी. शेजारी बसलेला गोमंतकीय ती भराभर कागदावर उतरवी. मग घरी जाऊन रात्रभर जागून प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद तयार करी. येथे व्हायोलिन वर जातील, येथे बासरी एकटी बोलेल, या ओळीनंतर ट्रंपेट उत्तर देईल. सकाळी स्टुडिओत पन्नास-साठ वादकांपुढे ते कागद ठेवले जात आणि तासा-दोन तासांत गाणे उभे राही. तुम्ही गाणे गुणगुणता तेव्हा शब्द संपल्यावर ‘टॅ रॅ रॅ’ करून मधला तुकडाही गुणगुणता. तो मधला तुकडा बहुतेक वेळा या माणसाचा. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल, आणि मधल्या वेळात धोबी तलावावर इराण्याच्या हॉटेलात पाव-मस्का आणि चहा. पुढचे काम कोठे मिळेल याची बातमीही तेथेच.

लाहोरच्या हॉटेलात संच चालवणारे सबास्तियन डिसोझा फाळणीत सगळे सोडून मुंबईला आले आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची मांडणी वर्षानुवर्षे करत राहिले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांनी हेच काम केले आणि १९६३ साली ‘आमचें नशीब’ हा कोकणी चित्रपट काढला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत आणि शिकवतही. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. गोन्साल्विसांनी १९५८ साली स्वतःचा वाद्यवृंद उभा करून, धोबी तलावाला लागून असलेल्या सेंट झेवियर कॉलेजच्या चौकात, हिंदुस्थानी रागांवर रचलेले पाश्चात्त्य पद्धतीचे संगीत सादर केले. लता मंगेशकर त्यात गायल्या. त्यात पैसा नव्हता, लोकांना ते नीटसे कळलेही नाही. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले, परत आले ते थेट माजोर्ड्याला, आणि २०१२ मध्ये तेथेच वारले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तले प्रचंड अंड्यातून बाहेर येणारे गाणे तुमच्यापैकी कोणाला पाठ नाही? त्यात नायक स्वतःचे जे नाव सांगतो, ते या गुरूंचे आहे. शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून ते घातले. साऱ्या देशाने ते नाव ओरडून ओरडून म्हटले आणि ते एका खऱ्या माणसाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. बाकीच्यांची नावे तर श्रेयनामावलीत ‘साहाय्यक’ एवढीच आली, पुष्कळांची आलीच नाहीत.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे वळू. परमिट कसले?

दारूबंदी हा काँग्रेसचा जुना संकल्प. मुंबई शहरात ती प्रथम १ ऑगस्ट १९३९ रोजी आली, पण पुढच्याच वर्षी कोर्टकचेऱ्यांत अडकून ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात सरसकट दारूबंदी सुरू झाली. आपण त्या वेळी मुंबई राज्यात नव्हतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपल्यावर निजामाची अबकारी होती. शिंदीच्या उत्पन्नावर त्या सरकारचा खजिना भरे, म्हणून मुक्तिसंग्रामात आपल्या वडीलधाऱ्यांनी कुऱ्हाडी घेऊन शिंदीची झाडे तोडली. तोही सत्याग्रहच. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १९५६ च्या नोव्हेंबरात.

तर या कायद्यात मेख अशी, की पिणे हा गुन्हा, पण परवाना असल्यास नाही. परदेशी पाहुण्याला परवाना. प्रकृतीसाठी मद्य आवश्यक आहे असे डॉक्टरने लिहून दिले तर परवाना. असा परवानाधारक जेथे बसून पिऊ शकेल ती खोली म्हणजे परमिट रूम. पुढे १९६० नंतरच्या दशकात नियम सैल झाले, १९७२ च्या आसपास आणखी सैल झाले, पण कायदा काही गेला नाही. २०१२ मध्ये त्याचे नाव बदलून महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम केले, एवढेच. अर्थात आमच्या फाट्यावरच्या त्या पाटीमागे बसणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात आजही कायद्याने परवाना हवा. असतो की नाही, ते मी कशाला सांगू!

बंदीमुळे दारू थांबली का? उघड्यावरची थांबली. मग धोबी तलाव, माहीम, वांद्रे या भागांतल्या ख्रिस्ती वस्त्यांतून घरगुती अड्डे निघाले. पुढच्या खोलीत दोन बाकडी, आतल्या खोलीत गूळ-नवसागराची हातभट्टी. चालवणारी बाई बहुधा विधवा किंवा नवरा बोटीवर गेलेली. गिऱ्हाईक तिला ‘आंटी’ म्हणे. हिंदी चित्रपटांनी ही आंटी पुढे विनोदी पात्र करून टाकली. प्रत्यक्षात ती पोलिसाला हप्ता देऊन पोरांची फी भरणारी बाई होती. तिच्या खोलीत कामावरून परतणारा वादक गिटार घेऊन बसे. म्हणून तिची आठवण काढताना जुनी माणसे हळवी होतात. मी होत नाही. हातभट्टीने किती जीव घेतले याची गणती नाही. अगदी २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतच मालवणीला शंभरावर माणसे विषारी दारूने मेली.

येथे शिक्षकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. मुंबईच्या या संगीतगृहांविषयी बोलणारे सर्रास सांगतात, की दारूबंदीने ती मारली. ऐकायला पटते. आधी ती होती, मग बंदी आली, मग ती नाहीशी झाली. पण सालांचा हिशेब मांडा. बंदी १९५० ची. गेलॉर्ड निघाले १९५६ मध्ये, बंदी कडक असताना. लोक कॉफी आणि आइस्क्रीमवर बसून बँड ऐकत होते. १९५८ साली अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत येऊन सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवून गेला. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आला. साठीच्या दशकात ख्रिस पेरी आणि त्यांची गायिका लॉर्ना यांनी कोकणी गाणी या हॉटेलांत गाजवली. म्हणजे भर बंदीत या जागा भरभराटीला होत्या. बंद पडल्या त्या नंतर, आणि तेव्हा तर दारू पुन्हा वाहू लागली होती! एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले, हे अनुमान मुले उत्तरपत्रिकेत फार करतात. हे उदाहरण त्यांना घालून पाहा.

मग बंद कशाने पडल्या? हॉटेलवाल्याने तबकड्या वाजवणारे यंत्र आणले. पाच वादकांना पगार देण्यापेक्षा ते स्वस्त. गाणेबजावणे असले की करमणूक कर बसे. जागांची भाडी आभाळाला भिडली. वादकांची पोरे शिकून आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली. आणि १९८० नंतर स्टुडिओत असे वाद्य आले की एकच माणूस कळफलकावर बोटे ठेवून पन्नास व्हायोलिनांचा आवाज काढू लागला. १९३१ साली पडद्यासमोरून उठवलेला वादक पुन्हा एकदा उठवला गेला.

आकाशवाणीच्या पुस्तिकेत लिहितो आहे तर आकाशवाणीचीही एक चूक सांगून टाकतो. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. चित्रपटगीते त्यांना हिणकस वाटत, त्यांतली ही इंग्रजी धाटणीची वाद्ये तर अधिकच. त्यांच्या काळात ही गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि हद्दपार सूर परत आले. केसकरांनी रागदारी गवयांना जे स्थान दिले ते मोलाचे होते, पण गावच्या चावडीवरच्या रेडिओपुढे बसलेल्या माणसाची आवड त्यांना दिल्लीहून दिसली नाही.

काही वर्षांपूर्वी मुक्तिसंग्रामाची कागदपत्रे पाहण्यासाठी मी मुंबईच्या पुराभिलेखागारात आठवडाभर जात होतो. उतरलो होतो धोबी तलावावरच, स्वस्त पडते म्हणून. सकाळी दप्तर पाहायचे, संध्याकाळी या गल्ल्या पालथ्या घालायच्या. पहिला ‘जाझ यात्रा’ महोत्सव १९७८ साली ज्या खुल्या रंगभवनात झाला, त्याच्या फाटकाला कुलूप होते. ध्वनीच्या नियमांमुळे ते बंद पडले आहे. गेलॉर्ड चालू आहे, जेवण झकास मिळते, पण कोपऱ्यात बँड नाही. एका कुडीचा जिना चढून वर गेलो. अजून काही कुडी आहेत. वेदी होती, फुले ताजी होती, भिंतीला पेट्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी बसले होते. व्हायोलिन वाजवत असत. मी म्हटले, ‘‘किती गाण्यांत वाजवले असेल आपण?’’ ते म्हणाले, ‘‘मोजलं कोणी? कागद समोर यायचा, वाजवायचा, पैसे घ्यायचे. गाणं कोणतं ते रेडिओवर लागलं की कळायचं.’’ मग जरा थांबून त्यांनी विचारले, ‘‘तुमच्या गावाला ऐकू येतं का ते अजून?’’

मी हो म्हटले. मला आमचा फाटा आठवला.

त्या वरातीच्या दिवशी गाडी बरीच उशिरा आली. तोवर बँडवाले रसवंतीच्या सावलीत टेकले होते. मी ट्रंपेटवाल्याजवळ गेलो. हाताशी वाद्य, त्याला दोन ठिकाणी डाग दिलेले. हे गाणे कोणाकडून शिकलात, असे विचारले. म्हणाला, वडलांकडून. वडील कोणाकडून? रेडिओवरून, तो म्हणाला. मी म्हटले, या गाण्यात जो ट्रंपेट वाजतो तो वाजवणाऱ्याचे नाव सांगू का? त्याने मान हलवली. मी नाव सांगितले, गाव सांगितले, त्याचा संच पडद्यावर कसा दिसतो तेही सांगितले. तो हसला. त्याला ते नाव गमतीचे वाटले असावे. मग त्याने क्लॅरिनेटवाल्याला हाक मारली आणि म्हणाला, ‘‘अरे, हे सर काय सांगतात ऐक, आपलं पहिलं गाणं वाजवणारा चॉकलेट होता म्हणं!’’ दोघेही हसले. मग वाद्य उचलून त्याने तो मधला तुकडा, शब्दांशिवायचा, एकदा हळू वाजवून पाहिला.